शेतात राबलेल्या आईचे नेमके काम: अनुभव धागा

शेतकऱ्याच्या घरातल्या आईविषयी लिहायला बसले की बहुतेकांची लेखणी 'तिने फार कष्ट केले' या वाक्यापाशी येऊन थांबते. ते खोटे नसते, पण ती दिवसभर काय करत होती हे त्यातून पुढच्या पिढीला कळत नाही. म्हणून विनंती अशी की, ज्यांच्या आईने, आजीने किंवा सासूने दीर्घ आयुष्य शेतात काढले, त्यांनी तिचे एखादे तरी काम ते कसे केले जाई यासह लिहावे. कौतुक थोडे कमी असले तरी चालेल, तपशील हवा. नावे नकोत, जिल्हा आणि पीक सांगितले तरी पुरे. सुरुवात मीच करतो.

परभणी, ज्वारी आणि तूर. आईचे वय कागदोपत्री अंदाजानेच लिहिलेले होते. रझाकारांच्या धामधुमीत, म्हणजे १९४८ च्या सुमारास, ती लग्न होऊन आली एवढाच धागा आमच्या हाती होता, आणि त्या हिशेबाने ती नव्वदीच्या पुढे जगली. पेरणीत वडील औत हाकत आणि ती तिफणीमागून मोघ्यातून, म्हणजे बी सोडायच्या नळीतून, तूर सोडत चाले. ओटीतले बी मुठीत घेऊन ते बोटांच्या फटीतून बेताबेताने सोडायचे, पाय ढेकळांवर अडखळले तरी हाताची लय बिघडू द्यायची नाही, हे काम दिसते तितके सोपे नव्हते. बी दाट पडले तर पुढे विरळणी वाढे आणि विरळ पडले तर नांग्या, म्हणजे रिकाम्या राहिलेल्या जागा, भराव्या लागत. बियाण्याची कणसेही तीच निवडत असे. खळ्यावर मळणी सुरू होण्याआधी ती भरदार कणसे बाजूला काढी, वाळवी आणि त्यांचे दाणे राखेत घोळून ठेवी. पुढे संकरित ज्वारी आली. उत्पन्न वाढले यात शंका नाही. पण ते बी घरी धरून चालत नसल्याने ते दरवर्षी विकत आणावे लागू लागले आणि घरातला तिचा एक अधिकार दुकानाकडे गेला. याची नोंद कोणी घेतल्याचे मला आठवत नाही.

बीड, दुष्काळाची वर्षे. १९७२ साली आमच्याकडे पेरलेले उगवलेच नाही. आई खडी फोडायला जाऊ लागली तेव्हा माझा धाकटा भाऊ अंगावर पिणारा होता. कामावरच्या बाभळीला लुगड्याची झोळी बांधून ती त्याला तिच्यात निजवी आणि खडीचा चुरा डोळ्यांत उडू नये म्हणून झोळीकडे पाठ करून बसे. फोडलेल्या खडीचा चौकोनी ढीग रचावा लागे, मग मोजणी होई आणि त्यावर मजुरी ठरे. ढीग रचताना मधे पोकळी राहिली तर मोजणारा तो पुन्हा रचायला लावी. कामावर सुकडी, म्हणजे दुष्काळात वाटला जाणारा पौष्टिक कोरडा खाऊ, मिळत असे, ती आई स्वतः न खाता पदरात बांधून आमच्यासाठी आणी. घरात तांबडी मिलो ज्वारी होती, तिच्या भाकरीला चव नव्हती, पण तक्रार करण्याची सोय नव्हती. पुढे १९७७ साली राज्याने रोजगार हमीचा कायदा केला, त्याच्या मागे या कामांचा अनुभव होता असे अभ्यासक लिहितात. आईच्या बोलण्यात मात्र कायदा कधी आला नाही. हजेरीपटावर पुकारताना तिला तिच्या नावाने हाक मारत, एरवी ती सगळ्यांची अमक्याची आई नाहीतर तमक्याची सून होती, हे ती म्हातारपणीही सांगत असे.

रत्नागिरी, भात आणि नाचणी. वडील मुंबईच्या गिरणीत होते, त्यामुळे शेतकरी कोण, या प्रश्नाचे आमच्या घरातले खरे उत्तर आई हेच होते. उन्हाळ्यात ती डोंगरातून कवळ, म्हणजे झाडांच्या पाल्यासह बारीक फांद्या, तोडून आणी. कवळ, शेण, पातेरा आणि वर मातीचा थर असा राब घालून भाजायचा, मग मृगात त्यावर पेरणी करायची. लावणीच्या दिवसांत पहाटे चूल उरकून ती इरले, म्हणजे पानांचे पावसाळी आच्छादन, घालून शेतात उतरे. घोंगडीपेक्षा इरले बरे, कारण ते पाठीवर बसते आणि दोन्ही हात मोकळे राहतात, असे तिचे म्हणणे होते. रोपांच्या मुठी डाव्या हातात, उजव्या हाताच्या अंगठ्याने आणि दोन बोटांनी रोप चिखलात रोवायचे, आणि मागे मागे सरकत जायचे. सायंकाळी कंबर सरळ करायला तिला भिंतीचा आधार लागे. बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होत, त्यांवर ती रात्री मेंदी लावून झोपे. नांगर आमचा नव्हता. नांगराच्या एका दिवसाच्या बदल्यात तिने त्या घरच्या लावणीला जायचे असा व्यवहार ठरलेला होता, आणि आपल्या लावणीला उशीर झाला तरी तो तिने कधी मोडला नाही. जानेवारी १९८२ मध्ये गिरण्यांचा संप सुरू झाला आणि मनीऑर्डर थांबली. त्या पावसाळ्यात तिने वरकस, म्हणजे डोंगरउताराच्या हलक्या, जमिनीवर नाचणी वाढवली. त्यानंतर वडील गावी आले ते कायमचेच. शेतीतले त्यांना फारसे कळत नव्हते. ते आईला विचारून काम करत आणि चारचौघांत निर्णय आपला म्हणून सांगत, याचे तिला हसू येई.

यवतमाळ, कापूस. थोडक्यात लिहितो. वेचणी सकाळी दहिवर असतानाच सुरू होई, कारण ऊन चढल्यावर वाळलेली पाती चुरडून कापसात मिसळते. बोंडांच्या टोकांनी आईची नखांजवळची कातडी फाटलेली असे. एकाधिकार खरेदीच्या, म्हणजे कापूस फक्त सरकारी यंत्रणेलाच विकायचा त्या, काळात केंद्रावर गाडी वडील नेत आणि पावती त्यांच्या नावाने येई. कोणत्या वेचणीला किती कापूस निघाला याच्या गेरूच्या रेघा मात्र आई भिंतीवर ओढत असे, आणि पावतीतला घोळ दोनदा त्याच रेघांवरून सापडला.

सांगली, ऊस आणि दूध. वरचे सगळे वाचून माझी आठवण लिहावी की नाही असे वाटत होते. माझी आई कष्टाळू होती तशीच कठोरही होती. चार म्हशींचे शेणघाण, वैरण आणि दोन वेळची धार तिच्याकडे होती, आणि तो भार तिने माझ्यावर टाकला, भावावर नाही. सातवीनंतर माझी शाळा सुटली. भावाच्या महाविद्यालयाचा खर्च दुधाच्या पैशांतून झाला. मी तिच्यावर बरीच वर्षे रागावलेली होते. पुढे डेअरीचे पुस्तक तिने माझ्या नावावर करून घेतले, त्यावर साठलेले पैसे मला लग्नानंतर दिले, आणि कारण काही सांगितले नाही. तिच्या कष्टांची आठवण काढताना त्यांत माझेही कष्ट मिसळलेले होते, एवढे लिहिणे मला आवश्यक वाटते.

नाशिक, कांदा. १९८६ साली चांदवडला शेतकरी महिलांचे अधिवेशन झाले, त्याला आई गावातल्या बायकांबरोबर ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून गेली होती. बायकोचे नाव जमिनीला लागावे ही चर्चा त्यानंतर आमच्या घरात अनेकदा झाली. वडील नाही म्हणत नसत आणि तलाठ्याकडेही जात नसत. ते वारल्यावर वारस म्हणून आमच्या नावांबरोबर तिचेही नाव सातबाऱ्यावर आले. उतारा हातात आला तेव्हा तिने तो मला मोठ्याने वाचायला लावला. पीकपाहणीत रब्बीला गहू लिहिला होता, लावला होता कांदा. ती दुसऱ्याच दिवशी चावडीवर गेली, आणि नोंद दुरुस्त होईपर्यंत तिने तिथे तीन हेलपाटे घातले.