लांब पँट आधी मुलांची
लहान मुलांचा सूट म्हणजे मोठ्यांच्याच कोटाची छोटी आवृत्ती, असं बरेचदा म्हटलं जातं. १९व्या शतकाच्या उत्तरार्धातल्या नॉरफोक जॅकेटबद्दल (पुरुषांच्या शिकारीच्या, कमरेला पट्टा असलेल्या कोटावरून आलेलं जॅकेट) ते पटतं, पण त्याआधीची गोष्ट अगदी उलट आहे. १७८०च्या सुमारास इंग्लंडमध्ये ‘स्केलेटन सूट’ आला. आखूड, अंगाला घट्ट बसणारं जॅकेट, त्यावर बटणांच्या रांगा आणि त्याच बटणांना कमरेपाशी अडकवलेली घोट्यापर्यंतची पँट. त्या वेळी या मुलांचे वडील अजून गुडघ्यापर्यंतच्या ब्रीचेसमध्ये वावरत होते! म्हणजे लांब पँट उच्चभ्रू घरांत मुलांनी आधी घातली, मोठ्यांनी नंतर.

स्पॅनिश चित्रकार गोयाने रंगवलेला लाल कपड्यांतला छोटा मानुएल ओसोरियो आठवतोय का? दोरीला बांधलेला पक्षी आणि टपून बसलेली मांजरं असलेलं चित्र, सध्या न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे. त्याच्या अंगावर हाच सूट आहे. मला हा सूट फार आवडतो, कारण त्याआधी मुलांना अक्षरशः मोठ्यांसारखं नटवत. या कपड्यांत त्यांना पळता-खेळता तरी येत असे. १८३०नंतर मात्र तो मागे पडला.