ऑस्कर पीटरसन आणि ९७ पट्ट्यांचा पियानो: श्रेय हाताला की वाद्याला?

खर्जवेडा: जॅझ पियानोवादक पीटरसनने पुढच्या काळात बोझेनडॉर्फर इम्पिरियल हा पियानो आपलासा केला. नेहमीच्या पियानोला ८८ पट्ट्या, याला ९७. जादा नऊ पार डावीकडे, खर्जात. त्या क्वचितच वाजतात, मान्य. पण पेडल दाबलं की त्यांच्या तारा सतारीच्या तरफांसारख्या आपसूक झंकारतात आणि डाव्या हाताचे सूर भरीव होतात. शिवाय भोवतालची लाकडी कडही स्प्रूसची, त्यामुळे सगळं खोकंच गातं. पीटरसनच्या डाव्या हाताला असंच वाद्य हवं होतं. ही निवड त्याच्या संगीताचाच भाग आहे, असं माझं ठाम मत.

ताललय: अजिबात पटलं नाही. १९४९ मध्ये त्याने न्यूयॉर्कचा कार्नेगी हॉल गाजवला तो काय या नऊ पट्ट्यांच्या जोरावर? पुढचं त्रिकूट घ्या: रे ब्राउनचा डबल बेस, हर्ब एलिसची गिटार. खाली बेसवाला चालत असताना पियानोने खर्जात घुसायचं नसतं, सगळं गढूळ होतं. मॉन्ट्रियलच्या रेल्वे पोर्टरचा हा मुलगा. जॅझ पियानोवादक आर्ट टेटमची रेकॉर्ड पहिल्यांदा ऐकली तेव्हा त्याला वाटलं, दोघं जण वाजवताहेत. एकच माणूस आहे हे कळल्यावर पोराने काही आठवडे पियानोला हात लावला नाही. त्याचा हात त्या धक्क्यातून घडलाय, कारखान्यातून नव्हे.

खर्जवेडा: त्रिकुटाचं बरोबर आहे. पण १९६८ चा 'माय फेव्हरिट इन्स्ट्रुमेंट' ऐका. सोबतीला कुणी नाही. बेस, लय, कॉर्ड, सगळं डाव्या हातावर. एकट्याने वाजवणाऱ्याला दणदणीत खर्ज लागतोच.

मंद्रसप्तक: तो अल्बम जर्मनीत, विलिंगेनला ब्रुनर-श्वेरने ध्वनिमुद्रित केलाय. त्याचे मायक्रोफोन तारांच्या अगदी जवळ असत. तुम्ही पियानोला देताय त्यातलं निम्मं श्रेय त्याला द्या!

ताललय: आणि १९९३ चा पक्षाघात? डावा हात कमजोर झाला, तरी तो मंचावर परतला. नुसत्या उजव्या हाताच्या धावत्या ओळींवरूनही चार मात्रांत ओळखू येतो. कुठल्या पियानोवर बसलाय हे विचारावंसंही वाटत नाही.

खर्जवेडा: ओळखू येतो, हो. पण त्या काळातलं वाजवणं ऐकताना डावीकडची पोकळी मला दर वेळी टोचते. पीटरसनचं अर्धं संगीत तिथे होतं, आणि त्या बाजूला जास्तीत जास्त आवाज देणारं वाद्य त्याने निवडलं. हे उगाच झालं, असं मी मानणार नाही.