र. कृ. जोशींचं सर्वात मोठं काम ‘मंगल’ फॉन्ट: पटतं का?

बोरू:
र. कृ. जोशी (१९३६–२००८) म्हटलं की सुलेखन आठवतं, पंजाब नॅशनल बँकेचं बोधचिन्ह आठवतं. मंगल फॉन्टचा उल्लेख शेवटी, उरकल्यासारखा. मला हा क्रमच मान्य नाही. विंडोज २०००सोबत मंगल आला, त्याआधी संगणकावर प्रत्येक मराठी फॉन्टचा संकेत, म्हणजे अक्षरामागचा क्रमांक, वेगळा होता. शिवाजी फॉन्टमध्ये टंकलेला मजकूर श्रीलिपी फॉन्टमध्ये उघडला की वाचताच यायचा नाही. प्रत्येक अक्षराला जगभर एकच संकेत देणारं युनिकोड होतं, पण ते घरोघरी दिसायला जोडाक्षरं नीट जुळवणारा, आयता मिळणारा फॉन्ट लागतो. तो मंगल. काम किती अडचणीचं होतं तेही पाहा: रोमन लिपीसाठी आखलेली ओळीची उंची, त्यात वर वेलांटी, रफार, अनुस्वार, खाली उकार, आणि हाताशी मोजके पिक्सेल. बोरूचा जाड-बारीक डौल तिथे टिकणारच नाही. इतक्या तयारीच्या सुलेखनकाराने आपलं वळण बाजूला ठेवून लोकांना वाचता येईल असं अक्षर घडवलं, याहून मोठं काम मला दिसत नाही.

जुळारी:
अजिबात पटत नाही. पडद्यासाठी केलेलं अक्षर परिपत्रकांवर, फलकांवर, पुस्तकांतही आलं आणि मराठी छपाईचा चेहरा सपाट झाला. सुरुवातीला त्याला ठळक वजनही नव्हतं. बोल्ड केलं की संगणक अक्षर नुसतं फुगवायचा आणि ‘ष’, ‘क्ष’ची पोटं बुजायची. याच मुंबईत निर्णयसागर छापखान्यासाठी राणोजी रावजी आरू यांनी कोरलेले छपाईचे खिळे पाहा. बारीक टाइपातही अक्षराची लय शाबूत आहे. तो वारसा र. कृं.ना माझ्यापेक्षा हजारपट ठाऊक होता, म्हणून तर त्यांची ओळख मंगलवरून व्हावी याचं वाईट वाटतं. शिवाय ‘ल’ आणि ‘श’ हिंदी वळणाचे. मराठीचा पाकळीचा ल, देठाचा श कुठे गेला?

बोरू:
‘ल’ला युनिकोडमध्ये संकेत एकच, रूप फॉन्टने ठरवायचं. आणि हा एकच फॉन्ट हिंदी, मराठी, नेपाळी, संस्कृत सगळ्यांना पुरवायचा होता. मराठी रूपं ठरवून देणारा शासन निर्णय ६ नोव्हेंबर २००९चा, म्हणजे र. कृं.च्या निधनानंतरचा. छपाईत मंगल वापरला हा दोष वापरणाऱ्यांचा.

जुळारी:
शासन निर्णय नंतरचा असेल, वळण नंतरचं नाही. पिढ्यान् पिढ्या मुलं पाकळीचा ल गिरवत आली आहेत. भाषेनुसार रूप बदलण्याची सोय ओपनटाइप या फॉन्टच्या तंत्रात आहेच. विंडोजसोबत जे आपोआप येतं तेच लोक वापरतात, त्यामुळे ते घडवणाऱ्यावर आणि घडवून घेणाऱ्या कंपनीवर जबाबदारी जास्त येते.

शिरोरेघ:
माझा दोघांनाही विरोध. उल्का या संस्थेत जाहिरातीचं काम, मग पवईच्या आयआयटीतल्या आयडीसी या डिझाइन शिकवणाऱ्या विभागात अध्यापन, एनसीएसटी या संगणक संशोधन संस्थेत भारतीय लिप्यांसाठी ‘विन्यास’ ही फॉन्ट घडवण्याची प्रणाली. या सगळ्यात एकच ध्यास दिसतो: भारतीय अक्षराचा विचार भारतीय अक्षरापासूनच सुरू व्हावा. सुलेखनकार अच्युत पालव यांच्यासारखी माणसं त्यांच्या सहवासात घडली आणि मोडी पुन्हा सुलेखनाचा विषय झाली. आज देवनागरीत चांगले फॉन्ट करणारी जी पिढी आहे, ती या वातावरणातून आली. सर्व भारतीय भाषांसाठी ‘देशनागरी’ ही त्यांची सामाईक लिपी रुजली नाही, तरी त्यामागच्या प्रश्नाचं मोल कमी होत नाही. एका फॉन्टवर माणूस का मोजायचा?

बोरू:
कारण शिकवण थोड्यांपर्यंत पोचते, मंगल सगळ्यांपर्यंत पोचला. ज्यांनी आयुष्यात सुलेखनाचं प्रदर्शन पाहिलं नाही, त्यांनीही रोज र. कृं.चं अक्षर वाचलं. विंडोज ८पासून त्याची जागा निर्मलाने घेतली, पण मंगलमध्ये टंकलेलं प्रत्येक पान आजही मुक्ता, निर्मला अशा दुसऱ्या फॉन्टमध्ये जसंच्या तसं उघडतं.

जुळारी:
ते श्रेय युनिकोडचं, अक्षराच्या घडणीचं नव्हे. मी बोलतोय ते घडणीबद्दल. मंगलमधला ‘क्ष’ आणि र. कृं.नी हाताने काढलेला कुठलाही ‘क्ष’ शेजारी ठेवून पाहा, आणि मग सांगा की त्यांचं नाव कशाला द्यावं.