बाळाच्या आंघोळीसाठी टब: आमच्या एवढ्याशा बाथरूममध्ये कोणता चालेल?

फोंड्याचा_बाबा

मंडळी, मदत हवी आहे. आमची मुलगी दीड महिन्याची आहे. न्हाऊ घालायला शेजारच्या वाड्यावरची वैजीण येते. पाटावर बसायचं, पाय लांब करायचे, पोरीला पायांवर पालथी घालून तेल चोळायचं आणि तांब्याने पाणी ओतायचं, असा तिचा रिवाज. ती चतुर्थीला माहेरी जाणार, आणि नंतर येणं जमणार नाही असं तिने आत्ताच सांगून टाकलंय. आईच्या गुडघ्यांमुळे तिला खाली बसता येत नाही. बायकोचं सिझेरियन झालंय, वाकलं की टाके ओढतात. म्हणजे ड्यूटी माझी.

पायांवर घ्यायचं मला धाडस होत नाही. साबण लागला की पोरगी बांगड्यासारखी हातातून सुटते. म्हणून टब घ्यायचं ठरवलंय.

अडचण जागेची. फ्लॅटचं बाथरूम अरुंद, त्यात कमोड आणि वॉशिंग मशीन, दारही आतल्या बाजूला उघडतं. मडगावला आणि म्हापशाला दुकानांत बघून आलो. एक साधा कडक प्लास्टिकचा, आत पाठ टेकायला उतार असलेला. एक घडीचा, पाय दुमडणारा. एक हवा भरायचा. टबात अडकवायची जाळीची झोळी वेगळी मिळते. शिवाय तळाला रबरी चकत्या असलेली बसायची खुर्ची. दुकानदाराच्या मते सगळंच 'बेस्ट सेलर'.

आई म्हणते, पैसे कशाला घालवतोस, सावईवेऱ्याच्या घरी आजीचं तांब्याचं घंगाळ पडलंय ते आण. काय करू? टब स्वयंपाकघराच्या ओट्यावर ठेवला तर चालेल का? मला उभ्याने सोपं पडेल.

अंत्रुजकन्या

आधी ओट्याचं बोलते. नको. ग्रॅनाइट ओलं झालं की टब सरकतो, आणि पाण्याने भरलेला टब सरकायला लागला तर एका हाताने आवरत नाही, दुसऱ्या हातात बाळ असतं. जमिनीवरच ठेवा आणि तुम्ही बुटक्या स्टुलावर बसा. खरेदीला निघण्यापूर्वी घरी बसून पाहा: न्हाऊ घालणारा माणूस कुठे बसणार, टॉवेल हाताला कुठे लागणार, पाणी कुठून जाणार. माझ्या भावाने हौसेने मोठा टब आणला, तो बाथरूमच्या दारातच अडकला. शेवटी त्यात भाचीची खेळणी भरली.

घंगाळ हौसेला ठीक. पण काठ कडक, तळ गोल, पाठीला आधार नाही. आणि गरम पाणी ओतलं की धातू लगेच तापतो, पाणी सोसवेल असं असलं तरी काठ चटका देऊ शकतो. आईंना सांगा, दिवाळीत फुलं घालून दारात ठेवू.

सत्तरीकर

टब-बिब काही लागत नाही हो. आमच्या आईने आम्हा सगळ्यांना मोरीत पायांवर घेऊनच वाढवलं.

अंत्रुजकन्या

@सत्तरीकर, आईंचे गुडघे तेव्हा चांगले होते. इथे प्रश्न नेमका तोच आहे.

ओलीबाळंतीण_नाही_आता

आम्ही जाळीची झोळी वापरली, लेक मजेत पडून असायची. घ्या बिनधास्त.

वॉर्डातली_ताई

बरीच वर्षं नवजात बाळांच्या वॉर्डात काम केलं आहे, त्यामुळे जरा लांबलचक लिहिते.

झोळीबद्दल बिनधास्त म्हणू नये. कापड ताणून सैल झालं की बाळ मधे घसरतं आणि हनुवटी छातीला टेकते. एवढ्या लहान बाळाची मान स्वतःहून वर येत नाही, श्वासाला अडथळा होतो. कुठल्या हुकांवर ती लटकते तेही बघा. वापरलीच तर हात मानेखालून काढायचा नाही, आणि मग झोळीचा उपयोग तरी काय उरला?

रबरी चकत्यांची खुर्ची अजिबात नको. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांची संघटना अशा खुर्च्या वापरू नका असंच सांगते. चकत्या सुटतात, खुर्ची कलंडते आणि बाळ आत अडकून पाण्यात पडतं. शिवाय बाळ 'बसवलेलं' दिसतं म्हणून मोठी माणसं निर्धास्त होऊन टॉवेल आणायला जातात. तुमची तर अजून बसायच्याही वयाची नाही. हवेच्या टबाचा काठ मऊ असतो, पण बाळाचा भार एका बाजूला आला की दबतो, आणि हवा कधी कमी झाली ते कळत नाही.

माझं मत साध्या कडक टबाला. आत उतार, तळ खरखरीत, पाणी सोडायला बूच. उतारावर स्पंज चिकटवलेला नको. आपल्याकडे पावसात स्पंज वाळतच नाही, बुरशी धरतो, आणि पुढे मूल त्याचे तुकडे तोंडात घालतं.

पाणी ५ सेंटिमीटरच्या आसपास पुरे. टब भरायचा नसतो. एवढ्याशा पाण्यातही बाळ बुडू शकतं, म्हणून फोन वाजो की दाराची बेल, बाळ एकटं नाही. उठायचंच झालं तर टॉवेलमध्ये गुंडाळून सोबत न्यायचं. आधी थंड पाणी, मग गरम, हाताने नीट ढवळून कोपर बुडवून बघायचं. ३७ ते ३८ अंश सेल्सिअस म्हणजे कोपराला जेमतेम कोमट लागतं. बाळ आत असताना गिझरचा नळ सोडायचा नाही. गिझरला फिरवायचं बटण असेल तर ४९ अंशांच्या वर ठेवू नका. आणि वीज गेली, आली, असं चालू असताना बादलीत हीटरचा रॉड घालून ती बाळाजवळ ठेवणारी घरं मी पाहिली आहेत. कृपा करून नको.

वैजीण नाकात फुंकर घालत असेल, कानात तेल सोडत असेल तर ते मात्र तिच्यासोबतच जाऊ द्या. मालीश चालू ठेवा, छान असतं. फक्त तेल लावून थेट टबात ठेवू नका. आधी जमिनीवर टॉवेल पसरून त्यावरच अंग ओल्या कापडाने पुसून तेल उतरवा. तुमचा बांगडा निम्मा तिथेच आटोक्यात येईल.

फोंड्याचा_बाबा

ताई, मनापासून आभार. ओटा रद्द, खुर्ची रद्द, घंगाळाचा निर्णय आईच्या दरबारात. आता घडीचा आणि कडक यांत अडकलोय. कडक ठेवायला जागाच नाही, मशीनच्या वर ठेवला तर झाकण उघडत नाही. आणि धरायचं नेमकं कसं? वैजिणीला विचारलं तर ती हसते.

वॉर्डातली_ताई

डावा हात मानेखालून पलीकडे न्या आणि बाळाचा पलीकडचा दंड काखेजवळ अंगठा व बोटांत धरा. डोकं तुमच्या मनगटावर येतं. हा हात शेवटपर्यंत सुटत नाही, सगळं काम उजव्याने. डावखुरे असाल तर उलट. टबात पायांकडून उतरवायचं. पहिले काही दिवस साबण फक्त घड्यांपुरता, मानेखाली, काखेत, जांघेत. केस शेवटी, म्हणजे डोकं ओलं राहून बाळ कुडकुडत नाही. पंखा आधी बंद.

रोज टबात घातलंच पाहिजे असंही नाही. कंटाळा आला, वीज नाही, नळाला गढूळ पाणी आलं, तर त्या दिवशी उकळून कोमट केलेल्या पाण्याने अंग पुसून घ्या.

बार्देसची_मावशी

घडीचा घ्यायचाच तर दुकानात उघडून, पाय फाकवून, वरून दोन्ही हातांनी जोराने दाबून बघा. खटका पक्का बसला नाही तर तिथेच ठेवून या. घड्यांच्या रबरात शेवाळं धरतं, जुना टूथब्रश त्यासाठी वेगळा ठेवा. आमचा आंघोळ झाली की गॅलरीत उलटा टांगायचो, कारण दुमडलेला ओला ठेवला की वास मारतो. आणि कडक टबाला काठावर भोक असेल तर तोही खिळ्याला टांगता येतो. तुमच्या मशीनच्या मागची भिंत रिकामी आहे का?

फोंड्याचा_बाबा

मावशी, भिंत रिकामी आहे! हे डोक्यातच आलं नव्हतं. शुक्रवारी म्हापशाला बाजाराला येणं आहेच, काठाला भोक असलेला कडक टब बघतो. मेजरिंग टेप घेऊन येईन.

बार्देसची_मावशी

दाराचंही माप घ्या. आणि पाणी सोडायचं बूच टबाच्या कुठल्या टोकाला आहे ते बघा, मोरीच्या जाळीच्या बाजूला यायला हवं, नाहीतर रोज सगळं बाथरूम पुसत बसाल.