शेवटी आलेल्या संघाचं काय होतं? मुलांना लीगची ओळख कुठून करून द्यावी?

बोरीकाठ

अमळनेर तालुक्यातल्या आमच्या गावच्या वाचनालयात दर रविवारी पाचवी ते आठवीची पंचवीस-तीस पोरं जमतात. सुट्टीतल्या भित्तिपत्रकासाठी त्यांनीच विषय निवडला: जगातल्या मोठ्या लीग. मी उत्साहाने पहिला तक्ता आयपीएलचा केला. २००८ साली आठ संघ, २०२२ पासून दहा, मुंबई आणि चेन्नई पाच-पाच वेळा विजेते, बंगळूरुला पहिलं विजेतेपद थेट २०२५ मध्ये. पोरांनी दोन मिनिटांत तक्ता वाचून संपवला. त्यातलं सगळं त्यांना माझ्याआधीपासून पाठ होतं.

मग सहावीतल्या एकाने विचारलं, "सर, शेवटचा येतो त्याचं काय होतं?" म्हटलं, काही नाही, पुढच्या वर्षी परत खेळतो. "म्हणजे नापासच होत नाही?" मागून एकीने टोला हाणला, "आपल्या शाळेसारखंच की!"

त्या दिवसापासून माझं मत बदललंय. ओळख करून द्यायची तर इंग्लंडच्या फुटबॉलपासून द्यावी. प्रीमियर लीगमध्ये वीस क्लब. प्रत्येकाशी दोनदा, एकदा आपल्या मैदानावर आणि एकदा त्यांच्या, असे अडतीस सामने. शेवटचे तीन खालच्या लीगमध्ये जातात, खालून तीन वर येतात. तिच्याखाली आणखी पायऱ्या आहेतच. ल्युटन नावाच्या शहराचा क्लब २०१४ साली पाचव्या पायरीवर होता. २०२३ साली सगळ्यात वर पोचला, वर्षभरात पुन्हा घसरला आणि २०२५ मध्ये आणखी एक पायरी खाली गेला. त्यांच्या मैदानात पाहुण्या प्रेक्षकांचा रस्ता घरांच्या रांगेखालच्या बोळातून जातो. हे सांगितल्यावर पोरांचे डोळे बघायला हवे होते.

वाचनालयातल्या माझ्या सहकारी ताईंना हे अजिबात मान्य नाही. त्या इथे आहेतच, येतील भांडायला. तुमचं काय मत?

केळीबाग_रावेर

सर, फुटबॉलचं राहू द्या. पोराला जे माहीत आहे तिथूनच धरा, आणि त्याला लिलाव माहीत आहे. २०२५च्या हंगामाआधी प्रत्येक संघाला १२० कोटींची मर्यादा होती, संघात जास्तीत जास्त पंचवीस खेळाडू. ऋषभ पंत एकटाच २७ कोटींना गेला. उरलेल्या ९३ कोटींत चोवीस जण बसवून दाखवा म्हणावं. सहावीचं गणित तिथेच होतं आणि लीग म्हणजे काय तेही कळतं: पैसेवाल्या मालकाने सगळे चांगले खेळाडू उचलू नयेत म्हणून वरून घातलेली वेसण.

आमच्या घरी तर फार लवकर कळतं. सकाळी फोन लागतो, बऱ्हाणपूरला काय भाव निघाला? पोरगा माझा नववीत आहे. मला म्हणतो, पप्पा, खेळाडू आपली मूळ किंमत स्वतः लिहून देतो, तीस लाख की दोन कोटी, तुम्ही केळीची का नाही देत? आता याला काय उत्तर देऊ भो.

पांझराकाठचा

बोरीकाठ भाऊ, आठे तुमनं चुकनं. आयपीएलमध्ये कोणी बाहेर जात नाही असं पोरांना सांगितलंत? डेक्कन चार्जर्स कुठे आहे मग? २००९ साली विजेते होते, २०१२ मध्ये त्यांचा करारच रद्द झाला. कोची एकच हंगाम खेळली, २०११चा, आणि बँक हमीच्या भानगडीत गेली. पुणे वॉरियर्स तीन हंगामांत आटोपली. चेन्नई आणि राजस्थान सट्टेबाजीच्या प्रकरणात २०१६ आणि २०१७ अशी दोन वर्षं घरी बसले, आणि त्या दोन वर्षांसाठी आलेला पुण्याचा दुसरा संघ २०१७ची अंतिम लढत एका धावेने हरून कायमचा निघून गेला.

म्हणजे नापास होतात. फक्त पेपर वेगळा आहे. इंग्लंडात खेळात नापास झालात की खाली जाता, इथे हिशेबात नापास झालात की थेट बाहेर. खेळात विजेता असूनसुद्धा! त्या सहावीतल्या पोऱ्याला हे सांगा, तो तुम्हाला पुढच्या रविवारी झोपू देणार नाही.

बोरीकाठ

मान्य. डेक्कनचं पार विसरलो होतो. तक्त्यावर कागद चिकटवून दुरुस्त करतो.

पण माझा मुद्दा त्याने पक्काच होतो. शिडीवरून घसरलेला ल्युटन अजून आहे, पाहुणे प्रेक्षक अजून त्या बोळातून मैदानात जातात. डेक्कन घसरली नाही, नाहीशीच झाली.

लोको_भुसावळ

तुम्ही दोघं शिडी शिडी करताय, पण अमेरिकेत शिडीच नाही आणि तिथल्या लीग शंभर-शंभर वर्षं टिकल्या. बेसबॉलची नॅशनल लीग १८७६ची. आइस हॉकीची एनएचएल १९१७ची. अमेरिकन फुटबॉलची एनएफएल १९२०ची, आज बत्तीस संघ. बास्केटबॉलची एनबीए त्या मानाने तरुण, १९४६.

शेवटी आलेल्याचं तिथे काय होतं माहितीये? त्याला बक्षीस मिळतं! नव्या दमाचे खेळाडू निवडायची वेळ येते तेव्हा एनएफएलमध्ये पहिला हात शेवटच्या संघाचा. त्याला ड्राफ्ट म्हणतात. उद्देश असा की आज रडणारा संघ चार-पाच वर्षांत उभा राहावा. पोरं 'चीटिंग, चीटिंग' म्हणून ओरडतील आणि बरोबरच ओरडतील, कारण एनबीएमध्ये संघ मुद्दाम हरायला लागले. मग १९८५ साली तिथे चिठ्ठ्या टाकायची पद्धत आणली. २०१९ साली नियम आणखी कडक केला: तळाच्या तिघांना पहिल्या निवडीची संधी सारखीच, शेकडा चौदा. म्हणजे अगदी तळाला जाऊन वेगळा फायदा नाही.

आणि एक गोष्ट आपल्या खान्देशातल्या माणसाला लगेच पटेल. ग्रीन बे नावाचं गाव, लोकसंख्या लाखाच्या आसपास, म्हणजे साधारण तुमच्या अमळनेरएवढं. त्यांचा पॅकर्स हा संघ एनएफएलमध्ये सर्वाधिक, तेरा वेळा विजेता. मालक कोण? कोणी शेठ नाही. पाच लाखांवर भागधारक. लाभांश शून्य, शेअर नफ्याने विकता येत नाही, तरी लोक घेतात. आपल्या सहकारी संस्थांच्या सभेला निदान चहा तरी मिळतो. लीगच्या प्रक्षेपणाचे पैसे सगळ्या संघांत सारखे वाटले जातात म्हणून एवढंसं गाव न्यूयॉर्कसमोर टिकतं. शिडी असती तर कधीच खाली गेलं असतं.

केळीबाग_रावेर

लोको भाऊ, लाभांश नसलेली सहकारी संस्था आमच्याकडेही आहे. फक्त तिचा संघ नाही 😄

रेडर_ताई

आले भांडायला.

सरांनी तीन तक्ते केले आणि तिन्हींत एकही खेळ असा नाही जो आमच्या गावच्या पटांगणात चुन्याच्या रेषा मारून आज संध्याकाळी खेळता येईल. प्रो कबड्डी २०१४ साली आठ संघांनी सुरू झाली, २०१७ पासून बारा. नियम पोरांना पाठ आहेत: तीस सेकंदांची चढाई, दोन रिकाम्या चढायांनंतर तिसरी 'करो या मरो'. सात जणांचा संघ, वीस-वीस मिनिटांचे दोन डाव. लीग आली तेव्हा खेळ तोच राहिला, घड्याळ आलं. हा बदल पोरांना हाताने करून दाखवता येतो. जुन्या पद्धतीने एक चढाई घाला, मग घड्याळ लावून घाला. लीग खेळाला काय करते ते तिथे कळतं, ल्युटनच्या बोळात नाही.

दुसरं. पंचवीसमध्ये अकरा मुली आहेत. सर, तुमच्या कुठल्या तक्त्यात त्या आहेत? क्रिकेटमधली महिलांची प्रीमियर लीग २०२३ साली पाच संघांनी सुरू झाली, मुंबईने पहिलीच जिंकली, आणि त्या वर्षी बायकामुलींना सामने फुकट होते. हे तक्त्यावर नको? आणि कबड्डीचंही खरं सांगा. २०१६ साली प्रो कबड्डीच्या जोडीने तीन संघांची महिलांची स्पर्धा झाली. पुढच्या वर्षी गायब. कुठल्या पेपरात नापास झाल्या, ते पांझराकाठच्या भाऊंनी सांगावं.

मी स्वतः आंतरमहाविद्यालयीनपर्यंत खेळले आहे. त्यापुढे पायरीच नव्हती. शिडीवर सरांचं एवढं प्रेम आहे म्हणून सांगते.

पांझराकाठचा

ताई, खरं सांगतो, उत्तर नाही.

नंदुरबारी_जुना

माले पटनंच नही. आधी विचारा, हे शिकवायचंच कशाला? २०२३ साली महाराष्ट्राची स्वतःची क्रिकेट लीग निघाली. पुणे, कोल्हापूर, नाशिक, संभाजीनगर, रत्नागिरी, सोलापूर. खान्देश कुठे आहे? जळगाव-धुळे-नंदुरबारचा पोरगा नाशिकचा झेंडा घेऊन ओरडणार! त्याने मैदान मागायला शिकावं की दुसऱ्याचे संघ पाठ करावेत?

आणि लीगबरोबर काय आलं तेही लिहा तक्त्यावर. मोबाइलवर संघ लावा, पैसे लावा. आमच्या गल्लीतल्या कॉलेजच्या एका पोराने आईचे पिठाच्या डब्यातले पैसे त्यात घालवले. २०२५ साली कायदा करून पैशांचे ऑनलाइन खेळ बंद करावे लागले, ते उगाच नाही.

लोको_भुसावळ

काका, पैशांचं शंभर टक्के बरोबर. पण म्हणूनच शिकवायचं ना? ज्याला लीग आतून कशी चालते ते माहीत नाही तोच 'आज माझा संघ लागणार' म्हणून पैसे लावतो. बाकी रत्नागिरीचंही आधी कुठे काय होतं? ती लीग पहिल्याच वर्षी जिंकली त्यांनी. संघ मागायचा तर लीग म्हणजे काय ते माहीत हवंच.

नंदुरबारी_जुना

मागून मिळतो का संघ? बोली लावावी लागते. कोण लावणार?

पिंपळपार_चोपडा

निवृत्त शिक्षक आहे, थोडं लांबेल, सांभाळून घ्या. तुम्ही सगळे संघ कुठून आत येतो, कुठून बाहेर जातो यावर बोलताय. माणूस कसा आत येतो?

अमेरिकेच्या बेसबॉलमध्ये जवळजवळ साठ वर्षं काळ्या खेळाडूला मोठ्या लीगचं दार बंद होतं. नियमाच्या पुस्तकात तसं कलम होतं म्हणून नव्हे, सगळ्या मालकांनी आपसात पाळलं म्हणून. काळ्या खेळाडूंच्या लीग वेगळ्या. १५ एप्रिल १९४७ रोजी जॅकी रॉबिन्सन ब्रुकलिन डॉजर्सकडून मैदानात उतरला. पाठीवर ४२. शिव्या पडल्या, धमकीची पत्रं आली. आज तिथल्या कुठल्याही संघात कोणाला ४२ क्रमांक कायमचा मिळत नाही, १९९७ साली सगळ्या लीगने मिळून तो निवृत्त केला. फक्त १५ एप्रिलला सगळेच्या सगळे खेळाडू ४२ घालून उतरतात.

आता तारीख बघा. त्याच १९४७च्या मे महिन्यात, म्हणजे जेमतेम दोन आठवड्यांनी, साने गुरुजी पंढरपुरात उपोषणाला बसले होते. विठ्ठलाचं दार सगळ्यांना उघडावं म्हणून. ज्यांनी तुमच्या अमळनेरच्या शाळेत शिकवलं तेच गुरुजी. दोन्ही गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नाही, हे मलाही कळतं. पण मी वर्गात दोन्ही एकाच फळ्यावर लिहायचो. डावीकडे ब्रुकलिन, उजवीकडे पंढरपूर. पोरं काही बोलायची नाहीत, नुसती बघत राहायची. बेसबॉल कसा खेळतात हे तोवर एकालाही माहीत नसायचं आणि कोणाचं काही अडलं नाही.

केळीबाग_रावेर

सर, अंगावर काटा आला. पण एक शंका. ही गोष्ट झाली, लीगची ओळख नाही झाली. पोराने विचारलं गुण कसे मोजतात, सामने किती, तर?

पिंपळपार_चोपडा

तर सांगावं: तीस संघ, प्रत्येकाचे हंगामात १६२ सामने. झालं. ती माहिती एका ओळीची आहे, तिला एकच ओळ द्यावी.

बोरीकाठ

ताई, मुलींच्या बाबतीत मी उघडा पडलो, त्यावर वाद नाही. पण कबड्डीपासूनच सुरुवात हे अजून पटत नाही. घड्याळ आलं हे खरं, पण पोराचा प्रश्न होता हरणाऱ्याचा, आणि प्रो कबड्डीत तळाला गेलेल्याचंही काही होत नाही. आपल्या फुटबॉलच्या इंडियन सुपर लीगने निदान प्रयत्न केला, तिच्याखालची आय-लीग जिंकून पंजाबचा संघ २०२३ साली वर आला. तीही लीग २०२५ मध्ये कराराच्या घोळात वेळेवर सुरूच होऊ शकली नाही, हे वेगळं. आणि लोको भाऊ, शिडीचं महत्त्व बघायचं तर एप्रिल २०२१ बघा. युरोपातल्या बारा श्रीमंत क्लबांनी स्वतःची कायमच्या जागांची लीग जाहीर केली. त्यांचेच चाहते रस्त्यावर उतरले, आणि इंग्लंडच्या सहाही क्लबांनी दोन दिवसांत माघार घेतली. आपला क्लब कधीच खाली जाणार नाही, याच्याविरुद्ध चाहते भांडले! ग्रीन बेवाले यासाठी भांडतील?

लोको_भुसावळ

नाही भांडणार. त्यांना संघ गावातच राहील याची खात्री आहे. अमेरिकेत बाकीचे संघ मालकाच्या मर्जीने बिऱ्हाड उचलून दुसऱ्या शहरात जातात. डॉजर्स नाही का, रॉबिन्सन मैदानात उतरल्यावर दहा वर्षांनी ब्रुकलिन सोडून लॉस एंजेलिसला गेले.

पिंपळपार_चोपडा

हे मी फळ्यावर कधी लिहिलं नाही. लिहायला हवं होतं.

बोरीकाठ

या रविवारी तक्ता असा लावतोय. वर त्या पोराचा प्रश्न, त्याच्याच अक्षरात. खाली डावीकडे ल्युटन, उजवीकडे डेक्कन, मधे ग्रीन बे. ४२ची गोष्ट तोंडी सांगणार, सरांना फोन लावून. लिलावाचं गणित मागच्या भिंतीवर, रावेरच्या भाऊंच्या नावाने. कबड्डीचा आणि मुलींच्या लीगचा तक्ता ताई करतील, पण दुसऱ्या क्रमांकावर.

रेडर_ताई

दुसऱ्या क्रमांकावर लावा, चालेल. लावायच्या आधी पोरांना अर्धा तास पटांगणात नेणार आहे मी, तुमच्या तक्त्याच्या वेळातून. आणि परवा तुम्ही काढलेल्या कबड्डीच्या मैदानात बोनस रेषाच नव्हती. तो कागद फाडला आहे, शोधत बसू नका.