भाव चढले, पण कुणाला?

लोक म्हणतात की दुसऱ्या महायुद्धात धान्याला भाव आला, म्हणजे खेड्यात चंगळच झाली असणार. ज्याच्या कणगीत विकण्याइतकं उरत होतं त्याची झाली असेल! आमची आजी सासवडजवळच्या कोरडवाहू गावची. सासरी श्रावणातच ज्वारी संपायची, पुढे सगळं विकतचं.

दागिने तर त्याआधीच्या जागतिक मंदीतच गेलेले. शेतमालाचे भाव पार कोसळले, शेतसारा मात्र रोखच भरायचा. १९३१ च्या सप्टेंबरात ब्रिटनने सुवर्ण परिमाण सोडलं, म्हणजे पौंडाची सोन्याशी ठरलेली सांगड तोडली; रुपया पौंडाला बांधलेला, म्हणून इथेही सोन्याचा भाव चढला आणि खेड्यापाड्यांतलं सोनं सावकार-सराफांमार्फत मुंबईहून बोटीने बाहेर गेलं. आजेसासूची पुतळ्यांची माळ त्यातच गेली. आजीच्या वाट्याला नुसतं डोरलं.

युद्धात रॉकेलची टंचाई होतीच, पण कापडाचे हाल त्याहून वाईट. लुगडं विरलं की मधला भाग कापून टाकायचा, धडके तुकडे जोडून दांड घालायचा, की आणखी वर्षभर चालतं. तिच्या एका लुगड्याला दोन दांड होते, तेही वेगवेगळ्या रंगांचे. दीर खडकीला दारूगोळ्याच्या कारखान्यात लागला तेव्हा कुठे घरात रोख पगार दिसला. अर्थात त्याच्या वाटची खुरपणी आणि जनावरांचं चारापाणी मग हिच्यावर.