मदत हवी आहे: मुंबईतून निन्टेन्डो स्विच ऑनलाइनचे सदस्यत्व कसे घ्यावे?

‘सुपर मारियो मेकर २’ हा मारियोचे टप्पे स्वतः बनवण्याचा खेळ २८ जून २०१९ रोजी निन्टेन्डोच्या स्विच या गेमयंत्रावर आला. २०१५ च्या पहिल्या खेळात उतार नव्हते, त्यामुळे माझ्या डोंगराच्या टप्प्यावर मारियो आजही पायऱ्या-पायऱ्यांनी उड्या मारत चढतो. आता खरा उतार मिळाला, याचा मला मनापासून आनंद आहे.

काळजी वेगळीच आहे. स्वतःचे टप्पे इतरांपर्यंत पोहोचवायचे आणि इतरांचे खेळायचे, तर या वेळी ऑनलाइन सदस्यत्व सक्तीचे आहे, जे पहिल्या खेळाच्या वेळी वी यू या निन्टेन्डोच्या जुन्या यंत्रावर लागत नव्हते. वर्षाला १९.९९ डॉलर मला जड नाहीत, पण ते भरायचे कसे, हेच कळत नाही. माझे खाते अमेरिका विभागाचे आहे आणि स्विच लॅमिंग्टन रोडवरून घेतलेला आहे. आंतरराष्ट्रीय व्यवहार सुरू करून घेतल्यानंतरही माझे डेबिट कार्ड दोनदा नाकारले गेले, आणि तिथल्याच एका दुकानात सदस्यत्वाचे कूपन मिळते, परंतु ते कोणत्या विभागाचे आहे, हे दुकानदाराला सांगता आले नाही. क्रेडिट कार्ड माझ्याकडे नाही आणि परदेशात नातेवाईकही नाहीत.

स्विचवरच्या ‘स्प्लॅटून २’ या ऑनलाइन खेळासाठी ज्यांनी हे सदस्यत्व मुंबईतून घेतले आहे, त्यांनी कृपया सांगावे: अमेरिका विभागाच्या खात्यावर क्रेडिट कार्डाशिवाय पैसे भरण्याचा कोणता मार्ग तुमच्या बाबतीत प्रत्यक्षात चालला?